तेविसावा खिळा

१

दहाला पाच मिनिटं कमी असताना मन्सूर मिस्त्री टेकडीवरच्या जुन्या शाळेचं फाटक उघडायचा. आधी वऱ्हांडा झाडायचा, मग कोपऱ्यातल्या खोलीतला पंखा लावायचा आणि मग पडदा सुरू करायचा. शाळा नव्या इमारतीत गेल्यापासून इथले चार वर्ग रिकामेच होते. बाकं मात्र तशीच राहिली होती, एकावर एक रचलेली. कोपऱ्यातली खोली तेवढी नगरपालिकेनं पुराच्या कामासाठी घेतली होती. तिथं एक टेबल, एक टेलिफोन, भिंतीवर मोठ्या टीव्हीएवढा पडदा आणि दाराजवळ प्लॅस्टिकच्या झाकणाखाली भोंग्याचं बटण.

पडद्यावर गावाचा नकाशा, बारीक चौकटींत आखलेला. दूरच्या शहरातलं रडार आभाळातला पाऊस बघायचं आणि दर दहा मिनिटांनी टिंग असा आवाज होऊन नवं चित्र यायचं. पाऊस असेल ती चौकट हिरवी, वाढला तर पिवळी, धोका असला तर लाल. चौकटीला बोट लावलं की त्या दहा मिनिटांत तिथं किती पडला तो आकडा दिसायचा. डोंगराकडच्या चौकटी लाल झाल्या, किंवा पुलाच्या खांबावरची पांढरी खूण बुडाली, की बटण दाबायचं. एवढंच काम. रात्री ते नगरपालिकेच्या कचेरीतून व्हायचं. पण या एवढ्या कामावर नाल्याकाठच्या खालच्या लाईनीतली सदतीस घरं झोपायची आणि उठायची.

मन्सूर मूळचा मोटारी भरणारा, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तांब्याची तार गुंडाळणारा मिस्त्री. राजूरच्या खाणीत पाळी बदलताना वाजायचा तो भोंगा एकदा त्यानंच दुरुस्त केला होता. इथला भोंगाही त्याच्याच हातचा. आणि वऱ्हांड्यातला प्लायवुडचा फळाही.

फळ्यावर खिळे होते, प्रत्येकाखाली घराचा नंबर. भोंगा वाजला की घराला कुलूप घालायचं, टेकडी चढायची आणि किल्ली आपल्या खिळ्याला अडकवायची. पहिल्या वर्षी माणसं मोजून बघितली होती. कोणी दोनदा मोजलं जायचं, कोणी बकरी राहिली म्हणून मागच्या मागं खाली उतरायचं. तेव्हा मन्सूरनं नियम केला की चेहरे मोजायचे नाहीत, किल्ल्या मोजायच्या. मान वर करायचीच नाही. आणि फळ्यावर एक जरी किल्ली असली तरी शाळेला कुलूप लावायचं नाही, कारण त्या किल्लीचं माणूस अजून वर आहे.

खिळे अडतीस होते आणि घरं सदतीस. तेविसाव्या खिळ्याला कधी काही अडकलं नव्हतं. तेवीस नंबरचं घर मन्सूरचं. पाच वर्षांपूर्वी ते नाल्यानं नेलं, आणि नेलं तेव्हा त्याची बायको फरीदा घरात होती. ती सापडली नाही. सापडली नाही म्हणून मन्सूरनं तिच्यासाठी गायबाना नमाजही, मयत समोर नसताना पढतात ती, पढू दिली नव्हती. लोक दोन-चारदा बोलले, मग त्यांनीही सोडून दिलं.

२

सप्टेंबरात पावसानं दडी मारली. आठ दिवस आभाळ धुतल्यासारखं. कपाशीवाले वर बघून थकले. पडद्यावर नकाशा नुसता करड्या रंगाचा, कुठं ठिपका नाही.

अशा एका दुपारी टिंग वाजलं आणि मन्सूरला दिसलं, एक चौकट हिरवी आहे.

एकच. खालच्या लाईनीचं नाल्याकडचं टोक, तेवीस नंबरचं घर होतं तिथलं. त्यानं खिडकीतून बघितलं. टेकडीवरून ते टोक स्पष्ट दिसायचं. ऊन मी म्हणत होतं. दोरीवरचे कपडे हलत नव्हते. त्यानं चौकटीला बोट लावलं. अडीच मिलिमीटर. वेळ दोन वीस.

दोन तीसच्या चित्रात चौकट पुन्हा करडी झाली.

मशीनचं असं होतं, हे मोटारी भरणाऱ्या माणसाला सांगायला नको. पण सवय म्हणून त्यानं मागच्या दिवसांची चित्रं उलगडून बघितली. काल दोन दहाला तीच चौकट, एक मिलिमीटर. परवा दोन वाजता, अर्धा. त्याआधी काही नाही.

दुसऱ्या दिवशी तो दोनपासून पडद्यासमोर बसला. दोन वीसला काही आलं नाही. दोन तीसला आलं. अर्धा.

रोज एकदा, रोज दहा मिनिटं उशिरा. कोणीतरी सावकाश मोजत असावं तसं.

३

खालच्या लाईनीतल्या बावीस नंबरात रुपीबाई राहायची. तांडा सोडून नाल्याकाठी येऊन तिला तीस वर्षं झाली होती. नवरा पूनमसिंग लकवा होऊन खाटेवर. लाईनीत तिचं तोंड चालायचं आणि लाईन त्या तोंडामागं चालायची.

सहाव्या दिवशी सकाळी ड्यूटीआधी मन्सूर खाली उतरला. तेवीस नंबरच्या जागी उंबऱ्याचा दगड तेवढा उरला होता. त्यानं दगडावर तळवा ठेवला. कोरडा, कोमट. आजूबाजूला धोत्रा आणि काँग्रेस गवत.

"काय शोधून राह्यले मन्सूरभाई, सोनं पुरलं होतं काय?" रुपीबाई आपल्या ओट्यावरून म्हणाली.

"काही नाही. इकडं पाऊस-बिऊस झाला का, ते बघून राह्यलो."

"पाऊस? इथं घशाले कोरड पडली. अन् रडार तुमच्यापाशी हाये का माह्यापाशी?" मग थोडा आवाज उतरवून म्हणाली, "पन मले एक सांगा. या जाग्यावर कोनी पत्रे टाकून राह्यलं काय?"

"नाही. काहून?"

"दुपारी पानी वाजते. पत्र्यावर वाजते ना, तसं. पाच-दहा मिन्टं. मंग बंद. मी बाहेर येऊन पाह्यलं तं ऊन."

"कान वाजत असतील."

"माहे कान? म्हातारा खाटेवर कूस बदलते ते मले बाजारातून ऐकू येते."

मन्सूर हसला. घरावर पत्रेच होते. फरीदाला पत्र्यावरचा पाऊस आवडायचा. बोरी अरबला तिच्या माहेरी कौलं होती, त्यांवर म्हणे पाऊस मुका व्हायचा.

"अन् एक ध्यानात ठेवा," रुपीबाई उठता उठता म्हणाली. "गेल्या साली तुम्ही दोनदा भोंगा वाजवला, दोन्ही डाव पानी नाई आलं. दुसऱ्या डावाले चौघांनी म्हाताऱ्याची खाट उचलली, पायरीवर एकाचा पाय घसरला अन् म्हाताऱ्याचा खांदा निखळला. आता तिसऱ्या खेपेले वाजला अन् पानी नाई आलं, तं मी काई उठनार नाई. रडार चुलीत घाला तुमचं. अन् मी नाई उठली तं लाईन उठत नाई, मालूम हाये ना?"

मालूम होतं. तेवढं एकच त्याला पक्कं मालूम होतं.

४

त्या दुपारी आकडा आला तीन. वेळ दोन पन्नास. अर्धा, एक, अडीच, अर्धा, दीड, तीन. त्यानं ते सहा आकडे कागदावर ओळीनं लिहिले आणि बराच वेळ बघत बसला. आकडे ओळखीचे वाटत होते. गर्दीत पाठमोरं माणूस ओळखीचं वाटावं तसे.

घरी, म्हणजे दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत, एक पत्र्याची पेटी होती. पुरानंतर दुकानात जे राहिलं ते तिच्यात. त्यात जुनी वही. मन्सूरला पावसाचा नाद पहिल्यापासूनचा. शरबताची बाटली वरून कापून, तिच्यावर अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा ओढून, त्यानं ती घराच्या कुंपणभिंतीवर बसवली होती. दिवसा तो दुकानात असायचा, म्हणून बाटली वाचायचं काम फरीदाचं. मोठा पाऊस असला की ती दर दहा मिनिटांनी फोन करायची. तो नुसतं म्हणायचा, "कितना?" आणि थोडा वेळ पलीकडून काहीच यायचं नाही, कारण बाटलीतलं पाणी हलू नये म्हणून ती रेघ वाचताना श्वास धरायची. मग श्वास सोडून म्हणायची, "लो जी, बाटली की नब्ज देख ली. ढाई." तो लिहायचा, आणि ती ओतून पुन्हा मांडायची.

लाईनीतले लोक त्याला विचारायचे, मन्सूरभाई, नाल्याला पाणी येईल का? आणि तो वही बघून सांगायचा. कधी चुकला नव्हता.

त्यानं पान उघडलं. पाच वर्षांपूर्वीचा जुलै. दोन वाजता अर्धा. दोन दहाला एक. दोन वीसला अडीच. दोन तीसला अर्धा. दोन चाळीसला दीड. दोन पन्नासला तीन.

त्यानं वही मिटली, हात धुतले, पुन्हा उघडली. आकडे तिथंच होते. पुढच्या ओळीत तीन वाजता एक.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता पडद्यावर एक आला.

५

तर्क सोडायला तो तयार नव्हता. दोन वर्षांपूर्वी कंपनीची माणसं हे सगळं बसवायला आली, तेव्हा त्यानं ही वही त्यांना दाखवली होती. त्यांनी मोबाईलवर फोटो घेतले होते. कोणीतरी तपासणीसाठी ते आकडे मशीनमध्ये भरले असतील, आता काहीतरी ढिलं होऊन ते गळत असतील. असं असेल. असंच असेल. पण मशीन गळायला लागलं तर भळभळा गळतं. असं दिवसाला एक थेंब, ठरल्या मिनिटाला, गळत नाही. तारीख जुळते का तेही त्यानं बघितलं. जुळत नव्हती. महिनासुद्धा नाही. त्याचं त्याला बरं वाटलं, आणि का बरं वाटलं ते कळलं नाही.

कंपनीत निकिता नावाची इंजिनियर होती, शहरात बसून अशा बऱ्याच गावांचे पडदे सांभाळायची. त्यानं फोन केला.

"काका, तिथे काहीतरी उभं असेल. नवा टॉवर, मोठी शेड. कधी पक्ष्यांचा थवासुद्धा पाऊस म्हणून दिसतो."

"तिथं एक दगड आहे फक्त."

"मग आमच्याकडचा गोंधळ. तुम्ही आकडे लिहून ठेवलेत का? पाठवा मला."

"लिहिलेले आहेत," मन्सूर म्हणाला. "पण ते जुने आहेत."

तिला ते समजलं नाही. "बरं, काळजी करू नका. येत्या गुरुवारी दुपारी बाराला नवा फिल्टर टाकतोय. ती चौकट गप्प होईल."

मन्सूरनं बोटांवर दिवस मोजले. "गुरुवारी नका टाकू, बेटा. एक दिवस थांबा. शुक्रवारी टाका."

"का?"

का ते सांगता येण्यासारखं नव्हतं. "असंच."

"काका, ते एकट्या तुमच्या गावाचं नसतं हो. सगळ्यांचं एकदम होतं."

६

त्यानंतर मन्सूर दुपारची वाट बघायला लागला. हे त्याचं त्यालाच उशिरा कळलं. आठव्या दिवशी त्यानं दाढी केली होती. नवव्या दिवशी इस्त्रीचा सदरा. डबा तो दीडलाच खाऊन घ्यायचा आणि पडद्यासमोर खुर्ची सरकवून बसायचा. पाच वर्षांत कोणी त्याला काही सांगितलं नव्हतं. म्हणजे लोक बोलायचे, मोटार जळाली, पंखा अडकतो, पण सांगितलं असं कोणी काही नव्हतं.

दहाव्या दिवशी टिंग वाजायच्या आधी त्याच्या तोंडून निघालं, "कितना?"

रिकाम्या खोलीत स्वतःचा आवाज ऐकून तो दचकला. पंखा फिरत होता. शेजारच्या वर्गात रचलेल्या बाकांतलं एखादं उन्हानं करकरलं. मग टिंग, आणि चौकट हिरवी. अर्धा.

तीन तीस. वहीत तेच.

त्या दिवसापासून तो रोज विचारायचा. अर्धा. एक. प्रत्येक आकड्याबरोबर तिचा आवाज त्याला आठवायचा. हा सांगताना ती हसली होती, हा सांगताना मागं कुकरची शिट्टी झाली होती. पाच वर्षं त्यानं हे पान उघडलं नव्हतं आणि आता रोज एक ओळ कोणीतरी त्याला वाचून दाखवत होतं. त्याला भीती वाटायला हवी होती. वाटतही होती, पण ती दुपारी दोनच्या आधी आणि पाचच्या नंतर.

मात्र पान संपत आलं होतं.

तेराव्या दिवशी चार वाजता आला अर्धा. मन्सूर संध्याकाळी खोलीवर गेला आणि वही उघडून शेवटच्या ओळीवर बोट ठेवून बसला.

चार दहा. शून्य.

फरीदा उर्दू शाळेत शिकलेली, शून्याला सिफर म्हणायची. त्या दिवशी फोनवर ती म्हणाली होती, "सिफर. बारिश रुक गई. पर सुनो जी, नाले का आवाज बड़ा आ रहा. निकलूं क्या?"

आणि वहीत बघून, तेरा ओळींची बेरीज मनातल्या मनात करून, तो म्हणाला होता, "रुक. पंधरा मिलिमीटर में नाला नहीं चढ़ता. सिफर है ना? मैं आता हूँ, तब तक हिल मत."

पाऊस वर डोंगरात पडला होता. तो बाटलीत कसा दिसणार?

ती हलली नाही. त्याचं ऐकायची.

चार वीसची ओळ त्यानं आखून ठेवली होती. ती तशीच कोरी होती.

७

गुरुवारी बाराला पडदा एकदा काळा होऊन पुन्हा लागला. निकिताचा फोन आला. "झालं, काका. आता ती चौकट त्रास देणार नाही."

"बरं," मन्सूर म्हणाला.

दुपार नेहमीसारखी गेली. आभाळात कापसाएवढा ढग नाही. डोंगराकडच्या चौकटी करड्या. त्यानं दुर्बिणीतून पुलाचा खांब बघितला. पांढरी खूण पाण्याच्या पुरुषभर वर, आणि नाला म्हणजे दोन डबक्यांमधली ओल.

साडेतीनला त्यानं ठरवलं की काहीच करायचं नाही. चारला पुन्हा ठरवलं. आज आकडा शून्य, म्हणजे चौकट पेटायचीच नाही. फिल्टर असो की नसो. पडदा कोरा राहील आणि कोऱ्या पडद्यावर भोंगा वाजवणाऱ्या माणसाला कोणी कामावर ठेवणार नाही. ते गेलं तरी चालेल. पण रुपीबाई उठणार नाही. मग कधीतरी खरंच डोंगरात लाल होईल, भोंगा वाजेल, आणि सदतीस घरं म्हणतील, वाजू दे. पूनमसिंगची खाट हलणार नाही. एका माणसाच्या वहीवर विसंबून लोक एकदा बसून राहिले होते. आता त्याच माणसाच्या भोंग्यामुळं पुन्हा बसून राहतील.

आणि हे सगळं कशासाठी? एका दगडासाठी.

चार वाजून आठ मिनिटं झाली. त्यानं खुर्ची भिंतीकडं सरकवली, जेणेकरून बटण हाताशी येऊ नये.

"कितना?" तो म्हणाला.

टिंग.

पडदा कोरा. ती चौकट करडी, शेजारच्या चौकटींसारखीच. कुठं काही नाही.

शून्य.

मन्सूर ऐकत राहिला. पंखा. बाहेर एक कावळा. मग कावळाही गप्प झाला. आणि त्याला जाणवलं की ही नुसती शांतता नाही. कोणीतरी विचारून थांबलं आहे. विचारलेलं ऐकू आलं नव्हतं, कारण ते आत्ता विचारलेलंच नव्हतं. पाच वर्षांपूर्वी विचारलं होतं, आणि फोन अजून तसाच कानाला धरलेला होता.

त्यानं खुर्ची सोडली, प्लॅस्टिकचं झाकण उचललं आणि बटण दाबलं.

"निकल," तो म्हणाला. भोंग्यात त्याचं त्यालाही ऐकू गेलं नाही.

८

तीन मिनिटं भोंगा वाजला. मग खालून दारं आपटल्याचे, भांड्यांचे, पोरांचे आवाज. पायऱ्यांवर माणसं चढायला लागली, वर बघत, खाली बघत, एकमेकांना विचारत. कोणाच्या हातात गॅसची शेगडी, कोणाच्या कोंबडी. ऊन कडक.

मन्सूर फळ्यापुढं उभा राहिला, मान खाली, हातात खडू. नियम त्याचाच होता. किल्ल्या खिळ्यांवर पडत गेल्या आणि हात परत जात राहिले.

"पानी कुठं हाये, मन्सूरभाई?" कोणीतरी म्हणालं.

"मिस्त्रीले उन्हात पूर दिसला."

"गपा रे. खाटेले हात लावा अगुदर."

पूनमसिंगची खाट वर येईपर्यंत सगळ्यांचं हसून झालं होतं आणि आता ते चिडले होते. खाट वऱ्हांड्यात टेकवली तसा म्हातारा कण्हला. रुपीबाईनं बावीस नंबरच्या खिळ्याला किल्ली अडकवली ती फळा हलेल अशी.

"हे झाले तीन," ती म्हणाली. "लिहून घ्या तुमच्या वहीत. तीन."

मन्सूरनं खडू खिळ्यांवरून फिरवला. त्यानं मोजलं. एरवी पावसात बेचाळीस मिनिटं घेणाऱ्या लाईनीनं आज कोरड्या उन्हात नऊ मिनिटं घेतली होती. सदतीस किल्ल्या. सगळी घरं रिकामी. त्यानं खडूनं फळ्याखाली रेघ ओढली. घड्याळात चार वीसला अर्धं मिनिट कमी होतं.

तेव्हा पायऱ्यांवर अजून एक पाऊल वाजलं.

ते बाकीच्यांसारखं नव्हतं. चप्पल नव्हती, आणि प्रत्येक पावलामागं फरशीवर काहीतरी टपटपत होतं, पिळायचं राहून गेलेल्या कपड्यातून टपकतं तसं. लोक वऱ्हांड्याच्या कडेला भांडत होते. कोणी वळलं नाही. पाऊल मन्सूरच्या मागं येऊन थांबलं. चिखलाचा वास आला, वरच्या डोंगरातल्या काळ्या मातीचा, पुरात येतो तो.

मन्सूरनं मान वर केली नाही. चेहरे मोजायचे नाहीत. पाच वर्षं तो या चेहऱ्यासाठी तरसला होता, आणि आता वर बघितलं तर तो तिथं नसेल, किंवा असेल, यातलं कशाला जास्त भ्यायचं ते त्याला ठरवता येईना.

त्याच्या खांद्याजवळून एक हात पुढं आला. ओली बाही मनगटाला चिकटलेली. बोटांची कातडी फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी पांढरी, सुरकुतलेली. हातानं थोडं चाचपलं, जसं नवीन जागी माणूस चाचपतं, आणि मग तेविसाव्या खिळ्याला किल्ली अडकवली.

हात परत गेला. पावलं वर्गांकडं गेली.

किल्लीला कडी होती मोटारीत भरायच्या तांब्याच्या तारेची, पिळून पिळून केलेली. अशी कडी त्यानं आयुष्यात एकच केली होती. किल्लीच्या टोकाला थेंब लोंबत होता. तो पडला, आणि दुसरा भरायला लागला.

खोलीत टिंग वाजलं. पडदा कोराच होता.

९

पाचला सगळे परतले. कोणी किल्ली घेताना मन्सूरकडं बघितलं नाही, कोणी मुद्दाम बघितलं. दोघं-तिघं म्हणाले, उद्या नगरपालिकेत जाऊन सांगतो. मन्सूर म्हणाला, सांगा.

रुपीबाई शेवटी राहिली. चौघांनी खाट उचलली तशी ती किल्ली घ्यायला आली, तोंड आधीच सुरू होतं. "मी बोलली होती का नाई? उद्यापासून तुमचा भोंगा अन् माही—"

बावीसला हात घालताना तिचा हात तेवीसच्या किल्लीला लागला. तिनं बोटं मागं घेतली, बघितली, बोटांवर अंगठा चोळला. मग खाली बघितलं.

फरशीवरून ओली पावलं वर्गांकडं गेली होती. परत आलेली नव्हती.

रुपीबाईनं पदर डोक्यावर ओढला. आपली किल्ली घेतली आणि त्या पावलांवर पाय पडू नये म्हणून भिंतीला चिकटून, वळसा घालून, पायऱ्यांपर्यंत गेली. तिथं थांबली, पण वळली नाही.

"मन्सूरभाई," ती म्हणाली, "पुढच्या येळी भोंगा वाजला तं चवथा म्हनीन मी. पन येईन तं येईनच." आणि भराभरा उतरून गेली.

फाटकाशी ऊन कलंडलं होतं. सहाला शाळेला कुलूप लावायची वेळ. पण फळ्यावर एक किल्ली होती, आणि नियम होता.

मन्सूर पंखा बंद करून आला. स्टूल घेऊन वऱ्हांड्यात बसला, वर्गांकडं पाठ करून. पिशवीतून वही काढली, जुनं पान उघडलं. चार दहा, शून्य. त्याखाली आखलेली कोरी ओळ. त्यानं पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं: चार वीस. वर आली.

मागच्या वर्गात बाकं सरकली. मग कोणीतरी ओढणी पिळत असावं तसं पाणी फरशीवर पडलं. एकदा, दोनदा, मग थेंब थेंब. ते थेंब कुठल्यातरी भांड्यात पडायला लागले. भांडं उथळ असावं. आवाज हळूहळू भरत गेला.

पाणी किती वेळ पडत होतं ते त्यानं मोजलं नाही. कोपऱ्यातल्या खोलीत टिंग झालं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की दहा मिनिटं झाली. हाताला सवय होती. पेन आपोआप पुढच्या ओळीवर गेलं.

मान न वळवता तो म्हणाला, "कितना?"

मागं थेंब पडायचे थांबले. वर्गात काही हललं नाही, बाकं नाहीत, वारा नाही. रेघ वाचायच्या आधी कोणी श्वास धरावा, तसं.